वहिनीची धाकधूक

आमच्या वहिनीची धाकधूक मी पैजेवर उचलली. पैज वहिनीनंच लावली आणि मी हो म्हणाले, कारण माझी अक्कल तेव्हा पिठाच्या डब्यात होती. रबरी पाल पण तिथंच होती.

सकाळी वहिनीनं भाकरीसाठी डबा उघडला, पाल बघितली आणि किंचाळली. इथपर्यंत सगळं ठरल्यासारखं झालं. पण नंतर ती ओट्याला टेकून खाली बसली आणि रडायलाच लागली. बाळ दचकलं असेल, बाळाचं काळीज केवढंसं असतं, बाळाला काही झालं तर. मी हसून हसून लाल झाले होते.

"किती नाटकं गं वहिनी! रबराची आहे. चावत नाही, अंडी घालत नाही."

"तुला सोपं वाटतंय ना अप्पे? मग उचल की माझी धाकधूक. आहे हिंमत?"

"त्यात कसली हिंमत? आण इकडं."

"बाळंत होईपर्यंत?"

"बाळ शाळेत जाईपर्यंत उचलते."

"आणि नाही झेपली, तर बारशाला नाव तू नाही ठेवायचं. माझी जिजी ठेवणार."

जिजी म्हणजे वहिनीची धाकटी बहीण. बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते, म्हणजे मी. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घालायचे, अशी रीत आहे. धपाट्यांसकट तो माझा हक्क होता. तो मी रागाच्या भरात पणाला लावला. वहिनीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाले, "उचलली."

आमच्या गावात हे असंच असतं. बाई पोटुशी राहिली की दवाखान्याच्या इंदुमतीताई घरी येतात, सगळ्यांना सतरंजीवर बसवतात आणि वाटणी करतात. पोट आणि बाळ बाईकडंच राहतं, त्यात वाटणी नाही. बाकीचं घरातल्यांना उचलता येतं. उलट्या, डोहाळे, छातीतली जळजळ, पायात येणारे गोळे. पोटावर हात ठेवायचा, उचललं म्हणायचं, संपलं. एवढंच, की ज्यानं उचललं त्याच्याकडंच ते राहतं. दुसऱ्या कुणी आपण होऊन उचललं तरच सुटका.

आमच्याकडं दादानं उलट्या घेतल्या. दादाची वडापची जीप आहे. एसटी चुकली की लोक जिच्यात कोंबून घेतात, ती. रोज सकाळी घाटाच्या पहिल्या वळणावर दादा गाडी थांबवायचा, उतरायचा आणि कठड्याला धरून दणक्यात उलटी करायचा. प्यासेंजर शांत बसून राहायचे. कुणी लिंबू द्यायचं, कुणी आवळासुपारी. "कितवा महिना?" असं बायका विचारायच्या आणि दादा तोंड पुसत छाती फुगवून सांगायचा, "तिसरा चालूय."

डोहाळे आईनं घेतले. आई म्हणजे कडक बाई. हॉटेलचा वडा तिनं जन्मात खाल्ला नव्हता. आता ती रोज संध्याकाळी पदर खोचून पाणीपुरीच्या गाड्यावर उभी राहायची आणि म्हणायची, "तिखट घाल रे, माझ्यासाठी नाही, बाळासाठी." डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाचा कान फुटतो, म्हणून कुणी अडवायचं पण नाही. एकदा तर तिला कोऱ्या कुंडीचा वास घेत बसलेलं मी बघितलं. वहिनीला मात्र कसलीच हाव राहिली नाही. पुढ्यात येईल ते ती शहाण्यासारखं खायची. भाकरी, मेथी, उसळ, दूध, वर एक फळ. इंदुमतीताई खूश.

धाकधूक मात्र कुणी मागितली नव्हती. ती कुणीच मागत नाही. उलटी केली तर लोक लिंबू देतात. धाकधूक दिसत नाही, मग तिचं कौतुक कोण करणार? ती आपली बाईकडंच पडून राहते.

तर ती मी उचलली. पहिला तासभर काहीच झालं नाही, मी टीव्ही बघत होते. मग बरगडीखाली काहीतरी येऊन बसलं, लिंबाएवढं. मी वर बघितलं तर पंखा. हा पंखा किती वर्षांचा आहे? ह्याचा बोल्ट कुणी बघितलाय का? आणि वहिनी नेमकी त्याच्याखाली पाय पसरून बसली होती.

"वहिनी, सरक."

"का?"

"पंखा."

"काय झालं पंख्याला?"

"अजून काही नाही."

तिथून सुरू झालं. मोरी ओली आहे का. दूध नीट उकळलंय का. काल तिनं पपई खाल्ली ती पिकलेली होती का कच्ची. ती उजव्या कुशीवर झोपली, डाव्या कुशीवर झोपायला सांगितलंय ना. बाळ आज कमी लाथा मारतंय. बाळ आज जास्त लाथा मारतंय. बाळ आज बरोबर तेवढ्याच लाथा मारतंय, हे कसं काय?

माझा धंदाच बसला. केळीची साल जिन्यात टाकायला गेले, तर साल हातातून सुटायच्या आधीच मला वहिनी पडलेली दिसली. ती साल मी ओढणीत गुंडाळून उकिरड्यापर्यंत नेली. शेजारच्या बंड्याच्या चपला झाडावर टांगायच्या होत्या, पण वरून चप्पल पडली आणि खालून वहिनी चालली असली तर? नववीत दोनदा बसले तेव्हा सुद्धा मी एवढा विचार केला नव्हता. केस गळायला लागले. जेवण जाईना.

आणि वहिनी! वहिनी गुलाबासारखी झाली. रात्री आडवी झाली की सकाळीच उठायची. गुणगुणायची. तिला कशाचंच काही वाटेना, हीच पंचाईत. स्टुलावर चढून माळा झाडायला निघाली. कुणाच्या तरी हळदीत नाचून आली. लोहाची गोळी दिली तर म्हणाली, "घेईन की उद्या, गोळी कुठं पळून जातीय?"

"आत्ता घे. माझ्यासमोर घे. जीभ दाखव."

"अप्पे, तू माझी सासू झालीयेस गं."

"तुझी सासू गाड्यावर पाणीपुरी खातीय. कुणीतरी व्हायला पाहिजे ना."

इंदुमतीताईंनी महिन्याच्या बैठकीत वहिनीला सगळ्या पोटुश्या बायकांसमोर उभं केलं. रेवतीचं वजन छान, बीपी छान, मन प्रसन्न. गुपित काय, असं विचारलं. वहिनी म्हणाली, "काही नाही, पोटभर जेवते, संध्याकाळी चालते, आनंदात राहते." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागच्या भिंतीला टेकून बसले होते आणि त्या खोलीला दुसरं दार आहे का ते बघत होते.

बैठक सुटल्यावर मी ताईंना गाठलं. "ताई, ही कुठं टाकून देता येत नाही का?"

ताईंनी चष्मा काढला. "टाकायची नसते. मागं एकीनं टाकली होती, बाजाराच्या दिवशी. महिनाभर सगळे भाजीवाले ऊन असतानाच दुकान गुंडाळून घरी पळत होते. कुणाला कारण सांगता येईना."

"मग दुसऱ्या कुणाला दिली तर?"

"देता येत नाही. कुणी मागून उचलली तर ठीक. आहे का कुणी?"

कोण असणार? मी नावासाठी दात आवळून दिवस काढायला लागले.

आठवा महिना लागला तेव्हाची गोष्ट. दुपारी जेवून मी सोप्यात चटईवर पडले आणि मला झोप लागली. धाकधूक उचलल्यापासून दुपारची झोप मला माहीतच नव्हती. उठले तर संध्याकाळ झाली होती आणि इतकं हलकं वाटत होतं, की मी चार भाकरी खाल्ल्या, बंड्याच्या चपला झाडावर टांगल्या आणि दादाच्या मशेरीत मिरीपूड घातली. मग हात धुताना लक्षात आलं. बरगडीखाली काहीच नव्हतं.

मी चाचपून बघितलं. श्वास धरून बघितला. पंख्याकडं बघितलं. पंखा म्हणजे नुसता पंखा होता.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पैज हरले असते आणि जिजीनं नाव ठेवलं असतं. मग मी काळजीचं तोंड करून हिंडायला लागले. वहिनी स्टुलावर चढली की ओरडायचं, गोळीची वेळ झाली की मागं लागायचं. पण सोंगाला घड्याळ नसतं. दोनदा मी गोळीची वेळ विसरले. वहिनी तर विसरलेलीच होती. म्हणजे आता घरात पोट होतं, बाळ होतं, डोहाळे होते, फक्त कुणाच्या जिवाला लागलेलं नव्हतं. हे मला डोक्यानं कळत होतं. पण डोक्यानं कळून दरदरून घाम फुटत नाही.

शेवटी मी ताईंकडं गेले आणि त्यांना खरं ते सांगितलं. ताई ताडकन उठल्या. "अशी आपोआप जात नाही ती. तू झोपलीस तेव्हा कुणीतरी बरगडीवर हात ठेवून उचलली असणार. घरात कोण होतं?"

"आई होती. वहिनी होती. दादा जेवायला येऊन गेला."

ताई घरी आल्या आणि बीपी बघायचं निमित्त काढून आईच्या बरगडीखाली हात लावला. तिथं चिंच होती फक्त. वहिनीकडं बाळाची लाथ लागली, बाकी काही नाही. दादा घरी नव्हता. "गाडीवर गेलाय," आई म्हणाली, "हल्ली लवकर जातो आणि दिवसातून चारदा परत येतो. कधी रुमाल विसरला, कधी चावी. चावी विसरून जीप कशी नेली होती, देव जाणे."

दादाबद्दल अजून पण कायबाय कानावर येत होतं. स्टँडवर लोक म्हणत होते, सुजितची जीप हल्ली बैलगाडीसारखी चालते. पूर्वी सोळा जण कोंबायचा, आता नऊच घेतो आणि मागच्यांना सांगतो, दार नीट लावा, कडी लावा, परत एकदा बघा. घाटात हॉर्न वाजवत नाही, खाली उतरून वळणापलीकडं बघून येतो. मला वाटलं, डिझेल वाचवत असेल.

ताई जाताना दारात थांबल्या. "शोध. ज्याच्याकडं आहे त्यानं सांगायला पाहिजे. वेळ आली आणि कुणी बोललं नाही, तर काय करायचं?"

वेळ लगेचच आली. मंगळवार होता. वहिनी उंबऱ्यात बसून मटार सोलत होती, मी टरफलं बंड्याच्या अंगणात नेम धरून मारत होते. वहिनी अगदी सहज म्हणाली, "आज सकाळपासून बाळ गप्पच आहे. झोपलं असेल." आणि पुढची शेंग घेतली.

मी थांबले. आता बरगडीखाली काहीतरी उसळायला पाहिजे होतं. मी वाट बघितली. काहीच उसळलं नाही. वहिनी शेंगा सोलत होती. आत आई चिंच चोखत होती. सगळं इतकं शांत होतं, की तेवढ्यानंच मला कसंतरी झालं.

आणि गल्लीच्या तोंडाशी जीपचा हॉर्न वाजायला लागला. थांबेचना. दादा गाडी चालू ठेवूनच खाली उतरला. आत नऊ प्यासेंजर होते, त्यातले दोघे नवरा-नवरी असावेत असे नटलेले.

"पाकीट विसरलं?" आई आतून ओरडली.

"दवाखान्यात चला," दादा म्हणाला. त्याचा शर्ट घामानं चिकटला होता. "सगळे चला. आत्ता."

"का रे?"

"असंच."

वहिनी हसली. "मटार तरी संपू दे."

दादानं मटारासकट तिला उचललं आणि पुढच्या सीटवर बसवलं. मी आणि आई मागं प्यासेंजरमध्ये घुसलो. कुणी काही विचारलं नाही. नवरी फक्त हळूच म्हणाली, "आमचा मुहूर्त," आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं तिला हातानं गप्प बसायला सांगितलं.

तालुक्याच्या दवाखान्यात नर्सबाई वहिनीला आत घेऊन गेल्या. दार बंद झालं. बाहेर बाकावर आई बसली. प्यासेंजर भिंतीला लागून उभे राहिले. दादा उभाच होता, खिडकीकडं तोंड करून. आतून मशीन ओढल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काहीच नाही.

नर्सबाई बाहेर आल्या. चेहऱ्यावर काही नाही. त्यांना तसं शिकवलेलं असतं. "तपासलं. डॉक्टरांनी सांगितलंय. धाकधूक कुणाकडं आहे?"

आईनं माझ्याकडं बघितलं. सगळ्या प्यासेंजरनी माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडं होती," मी म्हणाले. "आता नाही. कुणीतरी नेली."

"काय?" आई उभी राहिली. "कधी?"

"झाले आठ-दहा दिवस."

"म्हणजे पैज हरलीस तू. आणि आम्हाला बोलली नाहीस?"

"हरले. जिजीला ठेवू दे नाव. चिंटू ठेवू दे, पिंटू ठेवू दे. बाई, बाळ कसं आहे ते सांगा ना."

"तुला सांगून काय उपयोग? तुझ्याकडं नाही ती." नर्सबाई चिडल्या नव्हत्या, नियम सांगत होत्या. "ज्याच्याकडं धाकधूक, त्यालाच सांगायचं. चुकीच्या माणसाला सांगितलं तर ती उतरत नाही. एका आजीला सांगायचं राहून गेलं, तिचा नातू आता बारावीला आहे, ती अजून पोटाला हात लावून विचारते, हलतंय का. कुणाकडं आहे ते बोला, मला अजून तीन बायका बघायच्यात."

 आईनं स्वतःची बरगडी चाचपून बघितली. म्हाताऱ्यानं पण उगाच बघितली. मला आता आतून काहीतरी हलल्यासारखं वाटायला लागलं. लिंबाएवढं नाही, बोराएवढं. हे मी कुणाकडून उचललं नव्हतं. दाराची एक फळी नीट बसत नव्हती आणि फटीतून वहिनीचा पाय दिसत होता. तो निवांत होता. मुळीच हलत नव्हता. वहिनीचा पाय नेहमी हलतो, झोपेत सुद्धा. मला वाटलं आता मी रडणार.

"बोला की!" मी सगळ्यांवर ओरडले. "कुणी चोरलीय ती? तुम्हाला कळत नाही का, बाळ जिवंत आहे का नाही ते आम्हाला कळत नाहीये!"

नर्सबाई वळल्या. "ठरलं की हाक मारा."

"थांबा," दादा म्हणाला.

तो खिडकीकडंच बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. मागं प्यासेंजरमध्ये त्याच्याच स्टँडचा दुसरा एक ड्रायव्हर, त्या नवऱ्याचा मामा, उभा होता आणि दादाला ते माहीत होतं.

"माझ्याकडं आहे."

"तुझ्याकडं?" आई म्हणाली. "आणि मग इतका वेळ मुक्यासारखा का उभा होतास रे?"

"भ्या वाटतंय," दादा म्हणाला. "त्या काय सांगतील त्याचं. विचारायला तोंडच उघडेना."

नर्सबाई म्हणाल्या, "ती असली की असंच होतं," आणि त्याच्याजवळ जाऊन कानात काहीतरी सांगितलं. लांबलचक सांगितलं. दादा ऐकत होता. मग तो फरशीवर बसला आणि मी आईचा हात इतका जोरात धरला की तिच्या बांगड्या वाजल्या.

"दादा!"

"चांगलं आहे," दादा फरशीवरूनच म्हणाला. "ठोके चांगले आहेत. झोपलं होतं. आता लाथा मारतंय. अजून तासभर इथंच ठेवणारेत, नजरेखाली." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आई खाली वाकली, आधी त्याच्या डोक्यावर एक टपली मारली आणि मग तोच हात तिथंच ठेवला. "मेल्या, चोरायची कशाला? मागायची होतीस. अप्पीनं नाचत दिली असती."

दादानं नवऱ्याच्या मामाकडं बघितलं, मग बघायचं सोडून दिलं.

"मी आलो जेवायला, तर ही झोपली होती. घाम घाम झाला होता हिला, झोपेत सुद्धा पुटपुटत होती, जिना ओला आहे, जिना ओला आहे म्हणून. मी हात ठेवला आणि उचलली. हिच्यासाठी नाही उचलली, उगाच खोटं कशाला बोलू?" त्यानं नाक पुसलं. "माझ्या उलट्या पाचव्या महिन्यातच थांबल्या गं आई. रोज सकाळी मी त्या वळणावर गाडी थांबवत होतो, उतरत होतो, काहीच यायचं नाही. रेवतीकडं पोट आहे. तुझ्याकडं डोहाळे आहेत. माझ्याकडं बाळाचं काहीच उरलं नव्हतं."